एक रात्र तंबूत

आकांक्षानं मोबाइल आईच्या तोंडासमोर धरला तेव्हा हर्षाच्या हातात पोह्यांची बशी होती, आणि ती पडली नाही. याचंच हर्षाला नंतर कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं. फोटोत लाल वाळू होती, मागे लाल डोंगर आणि वाळूवर एका ओळीत पाच तंबू. प्रत्येक तंबूच्या दारात पिवळा दिवा, समोर गालिचा, गालिच्यावर पितळेची किटली. खाली लिहिलं होतं, एक रात्र तंबूत, ताऱ्यांच्या सोबतीनं. "मम्मी, हे फायनल. जॉर्डन," आकांक्षा म्हणाली. हर्षानं बशी टीपॉयवर ठेवली, कडेला सरकलेली लिंबाची फोड सारखी केली आणि म्हणाली, "नाही." आवाज अगदी लहान निघाला. कूलरच्या घरघरीत तो कुणाला ऐकू गेला नसेल असं तिला वाटलं, पण बाप-लेक दोघांनीही मान वर केली. या घरात तिचं 'नाही' फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"काऊन वं?" तिच्या नवऱ्यानं, चंदननं विचारलं. तो पाय वर घेऊन सोफ्यावर बसला होता. बियाण्याच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर त्यानं चार नावं लिहिली होती : दुबई, इजिप्त, ओमान, जॉर्डन. दुबईवर केव्हाच काट मारली होती. सेलूला त्याचं कृषी केंद्र होतं आणि शेजारच्या निम्म्या दुकानदारांनी दुबई पाहून घेतली होती. त्याला कुणी न पाहिलेलं काही हवं होतं. आकांक्षा बारावी झाली होती, पावसाळ्यात ती पुण्याला जाणार, मग दिवाळीच्या सुटीत तिघांनी मिळून एकदा बाहेरचा देश पाहायचा, असं त्यानं ठरवलं होतं. गेले तीन रविवार बोरगाव मेघेतल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत याशिवाय दुसरा विषय नव्हता. "पोरीनं एवढं शोधून काहाडलं आन तू एका शब्दात नाई म्हणून राह्यली."

"बाजूलाच लढाई चालू असते तिथे."

"लढाई तं इजिप्तच्या बी बाजूले आहे."

"खायचं काय तिथे?"

"मम्मी, हॉटेलात सगळं मिळतं. तू कारणं शोधतेयस," आकांक्षा म्हणाली. ती रागावली नव्हती, पण तिनं मोबाइल उलटा ठेवला. हर्षा पाणी आणते म्हणून आत गेली, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि ओट्याला पोट टेकवून उभी राहिली. आता तिचा हात कापायला लागला. वर्ध्याच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती अठरा वर्षं काम करत होती तिथे तिचा हात नावाजलेला होता. म्हातारी माणसं रांगेतून वाकून विचारत, हर्षाताई आहेत का, त्याच रक्त काढतील. तो हात आता ओट्याच्या दगडावर टकटक वाजत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला. तोंडात माती आल्यासारखं झालं. दातांत खरोखर कचकच जाणवली, तिनं चूळ भरली, सिंकमध्ये पाहिलं. पाणी स्वच्छ होतं.

ती माती लाल नव्हती. पांढरी होती, पिठासारखी, आणि तिच्यात काळे दगड होते, मुठीएवढे, लांबवर पसरलेले. तिथे कुणी गालिचे टाकले नव्हते. तेव्हा हर्षा नऊ वर्षांची होती. तिचे बाबा, प्रभाकरराव, वर्ध्याच्या आयटीआयमधून शिकून कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर गेले होते, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी बायकोमुलांनाही तिकडे नेलं होतं. नव्वद सालच्या ऑगस्टात एका सकाळी रस्त्यावर इराकचे रणगाडे आले. सप्टेंबरात ते चौघं एका बसमध्ये बसून निघाले, बाबा, आई, हर्षा आणि चार वर्षांचा स्वप्निल, आणि इराक ओलांडून जॉर्डनच्या सीमेवर येऊन थांबले. पुढे जाऊ देत नव्हते. हजारो माणसं होती. जिथवर दिसायचं तिथवर तंबू. रोज एक माणूस वही घेऊन यायचा आणि नावं लिहायचा; ज्यांची नावं लागतील त्यांना अम्मानला न्यायचे, तिथून विमानानं मुंबईला. एवढं सगळ्यांना माहीत होतं. चंदनलाही माहीत होतं. पाहायला आलेल्या सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "तुले काही आठवते का वं तिथलं?" आणि हर्षानं सांगितलं होतं, नाही, मी लहान होते. ते उत्तर तिला इतकं सोयीचं पडलं की पुढे तिनं ते सगळ्यांना दिलं, आणि हळूहळू स्वतःलाही.

शेजारच्या तंबूत एक बाई होती. एकटी. कडप्प्याकडची, एका कुवेती घरात स्वयंपाकाला होती ती. मालक ते घर सोडून पळाले तेव्हा ती आपली एक पिशवी घेऊन कुठल्याशा बसमध्ये चढली होती. तेलुगू बोलायची आणि तोडकीमोडकी हिंदी. हर्षाला ती 'पापा' म्हणायची. पापा म्हणजे तिच्या भाषेत लहान पोर, पण हर्षाला आणि स्वप्निलला हसू यायचं, ही आपल्याला बाप म्हणते. पहिले दोन दिवस ती हर्षाच्या वेण्या घालून द्यायची, कारण आई आजारी होती. आईला जुलाब लागले होते आणि ती तंबूच्या सावलीत डोळे मिटून पडून असायची. तिसऱ्या दिवशी ती बाईही तापानं पडली. बाबा आदल्या दिवशीच रस्त्यावरच्या चौकीकडे गेले होते, नावं लावायला, आणि परतले नव्हते. जाताना त्यांनी हर्षाला सांगितलं होतं, पाण्याचं तू पाह्यजो. सकाळी टँकर यायचा. हर्षा आपला निळ्या झाकणाचा डबा घेऊन निघाली तेव्हा त्या बाईनं तंबूतून हात बाहेर काढला. हातात लाल झाकणाचा डबा होता. "पापा, मेरा भी. थोडा पानी." हर्षानं दोन्ही डबे घेतले.

रांग संपता संपत नव्हती, आणि टँकरपाशी ती रांग उरतच नव्हती. माणसं एकमेकांच्या पाठीवर चढत होती. तिनं लाल झाकणाचा डबा आधी भरला, का ते तिला माहीत नव्हतं, तोच हातात आधी आला असेल. निळा भरून ती वळली तेव्हा कुणीतरी तो हातातून ओढून घेतला. तिला फक्त एक मनगट दिसलं, त्याच्यावर घड्याळ होतं. ती ओरडली नाही. लाल डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती परत आली. काळ्या दगडांतून चालताना ती मोजत होती, आई, स्वप्निल, मी. आई, स्वप्निल, मी. चौथं माणूस मोजण्यात येत नव्हतं. ती त्या बाईच्या तंबूसमोरून न जाता मागून फिरून आपल्या तंबूत शिरली आणि डबा आईच्या उशाशी ठेवला. थोड्या वेळानं तिकडून हाक आली. हर्षा दारात जाऊन उभी राहिली आणि तिनं सांगितलं, "टँकर खतम." त्या बाईनं तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. डब्याचं विचारलंच नाही. "अच्छा पापा," एवढंच म्हणाली. इथून पुढे हर्षाच्या आठवणीत एकदम दुसऱ्या दिवसाची सकाळ होते. शेजारचा तंबू रिकामा, दाराशी एक चप्पल, आणि कुणीतरी सांगतंय की गाडी येऊन घेऊन गेली तिला. कोणती गाडी, कुठे, कशी, ते कुणी सांगितलं नाही आणि हर्षानं विचारलं नाही. त्याच दुपारी बाबा परत आले. नावं लागली होती.

या सगळ्याला पस्तीस वर्षं झाली होती. तरी कॉलनीत कुणाचं पोर गेटातून 'पप्पा' म्हणून ओरडलं की हर्षाच्या मानेवर काटा यायचा. आकांक्षा बोलायला लागली तेव्हा कॉलनीतली सगळी पोरं बापाला पप्पा म्हणायची, आणि हर्षानं हट्ट करून तिला 'बाबा' शिकवलं. चंदनला त्यात काही वाटलं नाही, उलट आवडलं. अशा किती गोष्टी तिनं न सांगता करून घेतल्या होत्या. तिला वाटत आलं होतं की अंगावर पडणारं काहीतरी तिनं दाराआड लोटून ठेवलंय आणि आपण त्या दाराला पाठ लावून संसार करतोय, पोहे करतोय, लोकांचं रक्त काढतोय. पाठ काढली की संपलं. "मम्मी, पाणी?" बाहेरून आकांक्षाचा आवाज आला. हर्षानं तीन पेले भरले, ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर जाऊन म्हणाली, "ओमान बघा ना. समुद्र आहे म्हणतात." चंदननं पाणी पिता पिता तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

रात्रभर तिला एकच वेडी भीती. वही घेऊन येणाऱ्या त्या माणसाची. त्या वहीत आपलं नाव आहे, विमानतळावरचा कुणी अधिकारी पानं उलटेल आणि थांबेल, आणि विचारेल, तुमच्या शेजारी कोण होतं? तिला कळत होतं की हे खुळं आहे. वही केव्हाच कुजली असेल. पण कळण्याचा उपयोग होत नव्हता. सकाळी चंदन सेलूला निघताना म्हणाला, "जाता जाता त्या ट्रॅव्हलवाल्याईले जॉर्डन सांगून देतो. पोरीचं मन नको मोडू." तिनं मान हलवली. लॅबमध्ये दोन जणांना तिनं दोनदा सुई टोचली. दुसरा एक म्हातारा शिक्षक होता, तो हात चोळत गेला. जेवणाच्या सुटीत ती डबा न उघडता बजाज चौकाकडे निघाली. उन्हात रस्ता पांढरा पडला होता आणि ती सावली सावलीनं चालत होती, दुकानांच्या पायऱ्यांना चिकटून, जणू उघड्यावर आली तर कुणी ओळखेल.

ट्रॅव्हलच्या ऑफिसात वर्षाली नावाची मुलगी होती, आकांक्षाहून पाचसहा वर्षांनी मोठी, नीटनेटकी. तिच्यामागे भिंतीभर पिरॅमिड होते. "सरांनी तर सकाळीच जॉर्डन सांगितलं, मॅडम."

"आमचं बदललं. ओमान करा."

"चालेल ना. ओमानही मस्त आहे." वर्षालीनं कंप्युटरकडे वळून कळा दाबल्या. "मस्कतला तीन रात्री, मग एक रात्र डेझर्ट कॅम्प..."

"काय?"

"तंबू, मॅडम. वाळवंटात. सगळ्यांना तेच तर आवडतं."

"तो नको. इजिप्तला?"

"तिथेपण एक रात्र आहे. मोरोक्कोलाही आहे, दुबईलाही आहे." वर्षाली हसली. "तिकडे जायचं आणि तंबूत राह्यचं नाही, म्हणजे कसं?" तिनं स्क्रीन हर्षाकडे वळवला. एकाखाली एक फोटो. पांढरे तंबू, काळे तंबू, पट्ट्यापट्ट्यांचे, आत पलंग असलेले, छत पारदर्शक असलेले. हर्षाला वाटलं ही मुलगी सगळं जाणून आहे, मुद्दाम दाखवतेय, आत्ता एखाद्या तंबूच्या दारातून हात बाहेर येईल. तिनं खुर्चीची कड धरली. "ओमान ठेवा," ती म्हणाली, "मी सांगते नंतर." वर्षाली मागून विचारत राहिली, मॅडम, पाणी घेता का, बरं वाटत नाही का. हर्षा पायऱ्या उतरली. लॅबकडे जायचं होतं. ती बसस्टँडवर गेली आणि समोर उभ्या असलेल्या हिंगणघाटच्या गाडीत बसली. गाडी सुटल्यावर तिनं लॅबला फोन करून सांगितलं की आईची तब्येत बिघडलीय, आणि खोटं बोलल्यावर खरंच आईची काळजी वाटायला लागली.

हिंगणघाटहून वडनेरला ऑटो मिळाला. आईचं घर उघडंच होतं. बाबांनी परत आल्यावर हिंगणघाटात फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्याच्या कमाईवर वडनेरला हे तीन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वप्निल पुण्याला, त्याच्याकडे जायला आई तयार नव्हती. मंदाबाई पडवीत सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. लेकीला दारात पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं. "काऊन आली वं अशी? जावई कुठं हायेत? जेवली का?" आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून, "बस. पहिले बस."

हर्षा बसली. पंखा डोक्यावर हलकेच डुलत होता. तिनं ठरवलं होतं की सावकाश विषय काढायचा, पण तोंडातून सरळ तेच निघालं. "आई, आम्ही जॉर्डनला चाललोय. फिरायला." मंदाबाईंनी पदरानं मान पुसली. हर्षा पुढे म्हणाली, "आकांक्षाला तंबूत राहायचंय."

"राहो ना. लेकरू हाय."

"आई, तिथे आपल्या शेजारी एक बाई होती."

सुपातला एक खडा मंदाबाईंनी उचलला, पाहिला, बाजूला टाकला. मग आणखी एक. हर्षाला वाटलं की आई आता म्हणणार, कोन्ती बाई, मले नाई आठवत, आणि मग सगळं कायमचं तिच्या एकटीच्या गळ्यात राहील. तिनं घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, टँकर, मनगट, लाल झाकण, तंबूच्या मागून घेतलेला फेरा, टँकर खतम. सांगताना ती नऊ वर्षांच्या पोरीसारखी अडखळत होती आणि तिला स्वतःचा आवाज सहन होत नव्हता. मंदाबाई खाली पाहून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आपला डब्बा निळ्या झाकनाचा होता. मले दिसत नव्हतं का?"

हर्षानं मान वर केली.

"तू तो डब्बा ठेवला तवाच मले समजलं. मी काई विचारलं नाई. विचारलं असतं तं तू खरं सांगितलं असतं, मंग मले तो देऊन द्यावा लागला असता. म्हणून नाई विचारलं. स्वप्निलले पाजलं, तुले पाजलं, मी पेली." त्यांचा आवाज बाजारातलं काही सांगावं तसा सरळ होता, फक्त हात सुपात एकाच जागी फिरत होता. "आन रात्री ते आवाज देत होती. पापा, पापा म्हणे. जोरानं नाई. मंदी थांबे, मंग आनखी. डब्ब्यात अर्धं पानी होतं, हर्षे. अर्धं. बाबा नाई आले उद्या, टँकर नाई आला, तं काय करू, असं माह्या मनात. मी डब्बा मांडीखाली घेतला आन पडून राह्यली. तू झोपलती, तेवढं बरं झालं, असं मी म्हणो. एवढं तं लेकराले ऐकू नाई गेलं."

"मग?"

"मंग तिचा आवाज बंद झाला. उजाडायच्या आंदी गाडी आली. मी बाहेर निंघालीच नाई. जित्ती होती का नव्हती, मले नाई माहीत. तुह्या बाबाले मी कधी सांगितलं नाई. मराच्या वक्ती बी नाई." मंदाबाईंनी पहिल्यांदाच वर पाहिलं आणि हर्षाला त्या डोळ्यांत अगदी ओळखीचं काही दिसलं. आईही घाबरलेली होती. आत्ता, या पडवीत, सत्तरीला टेकलेली ही बाई आपल्या लेकीला घाबरली होती. "तिचं नाव काय होतं वं?" त्यांनी विचारलं. "तू तिच्यापाशी बसत जाय. तुले सांगितलं असन तिनं." हर्षानं नाही म्हणून मान हलवली. तिला वाटत होतं, आईला माहीत असेल. बाहेरून ट्रॅक्टर गेला आणि धूळ पडवीत आली. कुणी उठलं नाही.

चंदनचा फोन आला. वर्षालीनं त्याला कळवलं होतं, आणि लॅबमध्ये विचारल्यावर आईच्या आजारपणाचंही त्याला समजलं होतं. "तू वडनेरले काऊन गेली? आईले काय झालं? आन ते ओमान काय हाय?" त्याच्या आवाजात राग कमी होता आणि घाबरणं जास्त. हर्षाला वाटलं की आज सगळ्यांनाच भीती वाटतेय, एकीची दुसऱ्याला लागत चाललीय. "आई बरी आहे," ती म्हणाली. "तुम्ही इकडे या. आकांक्षाला घेऊन या. मला काही सांगायचं आहे." फोन ठेवल्यावर तिला वाटलं पळून जावं, मागच्या दारानं, शेतातून. मंदाबाई उठून चहा ठेवायला गेल्या. आतून म्हणाल्या, "सांग. मी बी बसते."

ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं. चंदननं आधी सासूचा हात हातात घेऊन ताप पाहिला, मग बसला. आकांक्षा खांबाला टेकून उभी राहिली. हर्षा या वेळी सावकाश बोलली. बोलताना तिनं चंदनकडे पाहिलं नाही, आणि आकांक्षाकडे तर पाहण्याची हिंमतच नव्हती. तिला फक्त मुलीची पावलं दिसत होती, निळ्या सॅंडलमधली, आणि ती पावलं हलतात का याकडेच तिचं सगळं लक्ष होतं. आता ही मागे सरकेल. आता बाहेर जाईल. उद्यापासून माझ्या हातचं पाणी घेताना हिला काही वाटेल. रात्रीच्या हाकांचं मंदाबाईंनी स्वतः सांगितलं, हर्षा तेव्हा झोपली होती हेही. चंदननं बराच वेळ गुडघे चोळले. तो शब्दांचा माणूस नव्हता. "नऊ वर्षाची होती तू," तो शेवटी म्हणाला. "नऊ वर्षाच्या लेकराले काय समजते?"

"ते नऊ वर्षाची होती, जावई," मंदाबाई म्हणाल्या. "मी चौतीस वर्षाची होती."

आकांक्षाची पावलं हलली, वळली, पायऱ्या उतरून बाहेर गेली. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा नाही आला. हेच होणार होतं. एवढी वर्षं ज्याला पाठ लावून उभी होते ते हेच. ती उठली. चंदन म्हणाला, "राहू दे थोडी एकटी," पण ती गेली. आकांक्षा गाडीच्या सीटवर आडवी बसली होती, पाय बाहेर, मोबाइल मांडीवर, पण त्याच्याकडे पाहत नव्हती. डोळे लाल होते. समोर तुरीच्या कापलेल्या शेतात सड उभे होते आणि त्यांच्यावरून ऊन पिवळं होऊन सरकत होतं. हर्षा दोन पावलं लांबच थांबली.

"आजी म्हणाली तू झोपली होतीस," आकांक्षा म्हणाली. "ती हाका मारत होती तेव्हा."

हर्षानं तोंड उघडलं. 'हो' हा शब्द तयार होता. आईनं तो आयता तिच्या हातात ठेवला होता, आणि तो धरला असता तर मुलगी उठून गळ्यात पडली असती, हे तिला दिसत होतं. पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात संध्याकाळ आणि सकाळ यांच्या मधली ती जागा उघडली. थंडी. कापडावर वाऱ्याची फडफड. स्वप्निलचा गरम पाय तिच्या पोटावर. पलीकडून आवाज, लाजत हाक मारल्यासारखा, पापा, आणि मग वाट पाहणं, आणि पुन्हा. अंधारात आईचा श्वास कळत होता, झोपलेल्या माणसाचा नसतो तसा. आई जागी आहे हे तिला कळत होतं. आई उठेल, म्हणून ती वाट पाहत होती. आई उठली नाही तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि झोपलेल्या माणसासारखा श्वास घ्यायला सुरुवात केली, मोठा, लांब, आईला ऐकू जाईल असा.

"नाही," हर्षा म्हणाली. "मी जागी होते." तिनं गाडीचं दार धरलं. "आजीला नको सांगू. तिला तेवढंच एक बरं वाटतं."

आकांक्षा तिच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते हर्षाला वाचता आलं नाही. माफी नव्हती, किळसही नव्हती. लॅबमध्ये सुई पाहणाऱ्या माणसाचा चेहरा असा होतो, नजर काढवत नाही आणि पाहवतही नाही. मग ती थोडी आत सरकली. सीटवर जागा झाली. हर्षा बसली. खांद्याला खांदा लागला आणि मुलीनं तो काढून घेतला नाही.

"बाबा म्हणतात कॅन्सल करू सगळं," आकांक्षा म्हणाली. "येताना गाडीत म्हणत होते. महाबळेश्वरला जाऊ म्हणे."

"नको."

"मग ओमान?"

"जॉर्डनच ठेव."

"आणि ती रात्र? ती काढून टाकायला सांगते मी त्यांना."

आतून मंदाबाई चहाला हाक मारत होत्या, आधी जावयाला, मग नातीला. हर्षानं हात मांडीवर उताणा ठेवला आणि पाहिला. तो अजून कापत होता.

"राहू दे," ती म्हणाली.

"मम्मी, तुला भीती वाटेल."

"वाटेल," हर्षा म्हणाली.